परदेशातली हाफ मॅरेथॉन आणि संस्थेसाठी देणगी : कोल्हापुरात राहून तयारी कशी करायची

सगळ्यात आधी पैशाचं बोलतो, कारण पळायची तयारी बरेच जण नीट करतात आणि गोंधळ होतो तो पैशात. परदेशात जाऊन हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरची रेस, पळायची आणि त्या निमित्तानं एखाद्या संस्थेला मदत उभी करायची असं ठरवलं असेल तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की करा. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, रेसची फी, बूट, सगळं तुमच्या खिशातनं, आणि लोकांनी दिलेला रुपया न रुपया संस्थेच्या खात्यात. तुमच्या गल्लीतला कोणीतरी विचारणारच की, भावा, तुझ्या इंग्लंड वारीला आम्ही का पैसे द्यायचे? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, की वारीचा खर्च माझा, तुमचे पैसे थेट संस्थेला, ही बघा पावती. हे ज्याला छातीठोक सांगता येतं त्याला कोल्हापुरात पैसे कमी पडत नाहीत, पूर आला की हे गाव कसं धावून येतं ते आपण २०१९ ला आणि २०२१ ला बघितलंय. वारीला पैसे नसतील तर एक वर्ष थांबा, साठवा, पण देणगीतनं तिकीट काढू नका.

आता रेस. मी ग्रेट नॉर्थ रन धरून सांगतो, कारण संस्थेसाठी पळणाऱ्यांची अशी गर्दी फार कमी ठिकाणी असते. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या ब्रेंडन फॉस्टर यांनी १९८१ मध्ये ही सुरू केली, पहिल्या वर्षी १२ हजार लोक होते आणि आता साठ हजारांच्या घरात असतात. उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमधनं सुटायचं, टाइन नदीवरचा तो मोठा कमानीचा पूल ओलांडायचा, गेट्सहेडमधनं साउथ शील्ड्सला जायचं आणि समुद्राच्या कडेनं शेवटचा मैल पळून संपवायचं. ब्रिटनचा धावपटू मो फाराहनं २०१४ ते २०१९ सलग सहा वेळा ही जिंकली, व्हीलचेअरवाल्यांचीही रेस त्याच दिवशी असते. आणि हजारो लोकांच्या टी-शर्टवर संस्थेचं नाव, पाठीवर ज्याच्या आठवणीत पळतोय त्याचं नाव. रेस सप्टेंबरमध्ये असते. दुसरी कुठली रेस निवडली तरी पुढचं बरंचसं तसंच लागू पडतं, फक्त महिने मागंपुढं करा.

एन्ट्रीचे दोन मुख्य रस्ते आहेत आणि इथंच पैशाचा मार्गही ठरतो. एक म्हणजे बॅलट, नाव घालायचं, लॉटरीत लागलं तर फी भरून आपली जागा आपली, मग कुठल्याही संस्थेसाठी पळा. दुसरा म्हणजे चॅरिटी प्लेस, तिथल्या संस्था रेसकडनं जागा घेऊन ठेवतात आणि तुम्हाला जागा देताना किमान काही शे पौंड जमा करून द्यायचं कबूल करून घेतात. हा दुसरा रस्ता सोपा वाटतो पण नीट विचार करा, तुमचे देणगीदार राजारामपुरीत आणि ताराबाई पार्कात बसलेले, त्यांना पौंडात परदेशी संस्थेला पैसे द्यायला लावायचं, कार्डवर परदेशी व्यवहाराचा चार्ज, वर आयकरात सवलत शून्य. ज्यांचे बहुतेक ओळखीचे लोक इंग्लंडमध्ये आहेत त्यांनी चॅरिटी प्लेस घ्यावी. बाकीच्यांनी बॅलटमधनं जागा मिळवावी आणि आपल्या इथल्या संस्थेसाठी पळावं, माझं मत पक्कं आहे.

इथल्या संस्थेसाठी पळताना एका कायद्याकडं लक्ष द्या. इंग्लंडमधला तुमचा मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतनं बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल, तर ती विदेशी देणगी होते आणि ती घ्यायला संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, पैसे येणार ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. म्हणून कुणी म्हणालं की मी तुझ्या खात्यावर पाठवतो, तू दे पुढं, तर हात जोडून नाही म्हणा. तुमच्या गुगल पेवर एकही देणगी घेऊ नका, देशातली सुद्धा. संस्थेचा क्यूआर कोड आणि खाते नंबर द्या, बास.

संस्था निवडताना प्रत्यक्ष जाऊन या. कोल्हापुरात जुनी, कामानं ओळखली जाणारी माणसं आहेत, नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये अपंगांसाठी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड तर सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला अंध मुलांची शाळा, कॅन्सरचे पेशंट, पूरग्रस्त, जे काम मनाला भिडतं ते घ्या, पण तिथं एक सकाळ घालवा, पैसे नक्की कशाला लागणार ते विचारा, आणि ८०जी ची मान्यता, म्हणजे जिच्यामुळं देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते ती, चालू आहे ना ते कागदावर बघा. "मदत करा" म्हणण्यापेक्षा "एका व्हीलचेअरचा खर्च एवढा, आपल्याला इतक्या घ्यायच्यात" म्हटलं की समोरच्याचा हात लवकर खिशात जातो.

मागायचं कसं? स्टेटस ठेवून वाट बघत बसलात तर लोक अंगठा देतात, पैसे नाही. एकेकाला नाव घेऊन मेसेज करा, शक्य असेल तर फोनच करा. असं काहीतरी लिहा :

"सुनीताकाकू, नमस्कार. सप्टेंबरमध्ये इंग्लंडला २१ किलोमीटर पळायला चाललोय, खर्च सगळा माझा आहे. त्या निमित्तानं अमुक संस्थेतल्या मुलांच्या फिजिओथेरपीसाठी पैसे गोळा करतोय. किलोमीटरला शंभर धरले तर २१०० होतात, पण तुम्हाला जमेल तेवढे द्या. पैसे थेट संस्थेच्या खात्यावर जातील, खाली क्यूआर दिलाय, पावती संस्था पाठवेल. दर रविवारी किती पळालो ते तुम्हाला कळवत जाईन."

शेवटचं वाक्य सोडू नका, त्याच्याच जोरावर सगळं चालतं. लोक बघत असतात की हा खरंच पळतोय का, आणि दर रविवारी आज १० झाले, आज पावसात १४ झाले असं कळत गेलं की ज्यांनी आधी काही दिलं नव्हतं ते सुद्धा देतात. आणि हो, २१०० रोख घेऊ नका, २००० च्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्यांनाच ती मिळते हे पण आधीच सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. पहिली देणगी स्वतःची टाका, दुसरी घरातल्यांची. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या एमआयडीसीत ओळख असेल तर मालकांना भेटा, पण मोठ्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेला पैसा, मागायचा असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, ते कागद तयार ठेवून जा.

वेळ बघून मागा. जूनमध्ये घरोघरी शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणपतीच्या तोंडावर मंडळाची वर्गणी. जुलै महिना सगळ्यात चांगला, श्रावण संपायच्या आत मोठ्या देणग्या मागून घ्या. मंडळाशी मात्र आधीच बोला, वर्गणीतला काही भाग संस्थेला देणारी मंडळं आपल्याकडं आहेत आणि कार्यकर्ते एकदा पाठीशी उभे राहिले की निम्मं काम झालंच म्हणून समजा.

आता पळायचं. सप्टेंबरच्या मध्यातली रेस धरून १६ आठवडे मागं गेलं तर मे चा शेवटचा आठवडा येतो, तेव्हा सुरुवात करा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, बीपी-शुगरवाल्यांनी, घरात कुणाला हार्टचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरकडं जाऊन तपासून घ्यायचं, ईसीजी आणि ते म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. न थांबता ५ किलोमीटर पळता येत असेल तर १६ आठवडे भरपूर झाले, येत नसेल तर त्याच्या आधी दोन महिने दोन मिनिटं पळणं एक मिनिट चालणं असं करून ५ पर्यंत या.

आठवड्यात चार दिवस पळा. दोन दिवस निवांत ५ ते ७ किलोमीटर, निवांत म्हणजे बरोबरच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा. एक दिवस चढ किंवा जरा जोरात. आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, ७-८ पासून सुरू करून दर आठवड्याला एखादा किलोमीटर वाढवत १८-१९ पर्यंत, दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करायचं म्हणजे पाय सावरतात. पूर्ण २१ सरावात पळायची गरज नाही. नवीन माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती वेगात, रोजच जोरात पळतात आणि जुलैत नडगी धरून बसतात. दमानं घ्या.

जागेची आपल्याला कमी नाही. रंकाळ्याची एक फेरी साधारण चार-साडेचार किलोमीटरची, सकाळी सहाच्या आत गेलात तर मस्त, संध्याकाळी चौपाटीच्या गर्दीत पळायच्या भानगडीत पडू नका. विद्यापीठाचा परिसर त्याहून चांगला, झाडी आहे, थोडे चढ-उतार आहेत, गाड्या कमी, बायकांना आणि एकट्यानं पळणाऱ्यांना पण बरं वाटतं. ग्रेट नॉर्थ रनचा रस्ता सपाट नाही, खालीवर होत जातो, दहाव्या मैलाच्या आसपास एक लांबट चढ येतो आणि समुद्र दिसायच्या वेळी एकदम तीव्र उतार. म्हणून महिन्यातनं दोनदा वाघबीळला गाडी लावून पन्हाळ्याच्या घाटात चढा. चढताना पावलं लहान, नजर पाच-सात फुटांवर, हात जोरात हलवायचे, वेगाकडं बघायचंच नाही. आणि खरा सराव उतरताना आहे. बहुतेक जण वर जाऊन चहा पिऊन गाडीनं खाली येतात, तसं करू नका, निम्मा घाट तरी पळत उतरा, मागं झुकून टाच आपटत नाही तर जरासं पुढं झुकून भरभर छोटी पावलं टाकत. पहिल्यांदा दोन दिवस मांड्या धरतात, जिना उतरताना कळतं, पण तिसऱ्या-चौथ्या वेळेला काही होत नाही, आणि शेवटच्या मैलाआधीच्या त्या उतारावर हेच कामाला येतं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात असते, ती आधी कधी पळाला असाल तर उत्तमच, पण त्याच महिन्यात दोन्ही नको.

आठवड्यातनं दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. आपल्याकडं तालमी आहेत, बैठका आहेत, सूर्यनमस्कार आहेत, जिमची फी भरली पाहिजे असं काही नाही. बैठका २० च्या तीन फेऱ्या, एका पायावर उभं राहून हळूहळू खाली-वर, पायरीच्या कडेला उभं राहून टाचा उचलायच्या, आणि प्लँक, म्हणजे कोपरांवर नि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवायचं. गुडघे दुखणाऱ्यांचं मूळ बरेचदा कमरेच्या नि मांडीच्या कमजोर स्नायूत असतं. एकाच ठिकाणी दुखतंय, पळताना वाढतंय, असं चार-पाच दिवस चाललं तर फिजिओकडं जा.

सरावाचे हे महिने म्हणजे आपला धो धो पाऊस. पावसात पळायचं, नुसत्या पावसानं काही होत नाही, फक्त विजा कडाडत असतील तर घरात, आणि पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं की त्या बाजूला फिरकायचं नाही, साचलेल्या पाण्यात तर अजिबात नाही, पायाला चीर असली तर लेप्टोची (घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. पन्हाळ्याचा रस्ताही केर्लीजवळ पाणी आलं की बंद होतो, त्या आठवड्यात विद्यापीठातल्या चढावर भागवा. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. ओले बूट गॅसशेजारी किंवा हीटरपुढं ठेवू नका, सोल सुटतं. आतलं पातळ सोल काढून वेगळं वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे गच्च भरा, दोन तासांनी काढून नवीन भरा, फॅनखाली ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळतात. काखेत, मांड्यांच्या मध्ये आणि बायकांनी पट्ट्यांच्या खाली व्हॅसलीन लावून निघा, ओल्या कपड्यानं १५ किलोमीटरनंतर कातडी सोलून निघते. सुती बनियन नको. इंग्लंडमध्ये सप्टेंबरात पाऊस आणि गार वारा दोन्ही असू शकतो, म्हणजे आपला पाऊस फुकटचा सराव आहे बघा.

खाण्याचं थोडक्यात. शनिवारी रात्री तांबडा-पांढरा आणि रविवारी पहाटे १५ किलोमीटर हे जमत नाही, शनिवारी वरण-भात, भाकरी, कमी तिखट भाजी. मटण रविवारी दुपारी खा की निवांत, पळून आल्यावर शरीराला प्रोटीन हवंच असतं. श्रावण पाळणाऱ्यांनी उसळी, दूध, दही, शेंगदाणे वाढवा, आणि रविवारी लाँग रन करून सोमवारी कडक उपवास करणार असाल तर लाँग रन शनिवारी घ्या. सव्वा-दीड तासाच्या पुढं पळताना पोटात काहीतरी जायला लागतं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, खजूर, चिक्की, केळं किंवा पाकिटातलं एनर्जी जेल, जे रेसला वापरणार तेच इथं वापरून बघा. चिक्की, खजूर बॅगेतनं नेऊ शकता पण पेढे, बर्फी, तूप नाही, भारतातनं दुधाचे नि मांसाचे पदार्थ इंग्लंडमध्ये नेता येत नाहीत.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण पहाटे साडेपाचला पळणारी माणसं, आणि ग्रेट नॉर्थ रन सुटते सकाळी अकराच्या सुमाराला. नाश्ता कधी, पोट साफ कधी, उभं किती वेळ राहायचं, सगळं बदलतं. म्हणून जुलै-ऑगस्टात ढगाळ दिवस बघून तीन-चार लाँग रन साडेदहाला सुरू करा आणि तीन तास आधी तोच नाश्ता करा जो तिथं मिळेल, ओट्स, ब्रेड-जॅम, केळं. दुसरी गोष्ट मैलांची, रस्त्यावर पाट्या मैलाच्या असतात, एकूण १३.१ मैल. किलोमीटरला ७ मिनिटं म्हणजे मैलाला ११ मिनिटं १६ सेकंद आणि शेवट साधारण २ तास २८ मिनिटं. किलोमीटरला ८ म्हणजे मैलाला १२ मिनिटं ५२ सेकंद, शेवट २ तास ४९. आपला आकडा पेननं मनगटावर लिहून घ्या, दमल्यावर गुणाकार होत नाहीत.

व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे जूनच्या मध्यावर कागद तयार ठेवा, पुण्या-मुंबईला बोटांचे ठसे द्यायला जायचंय. एन्ट्रीची मेल, बँक स्टेटमेंट, नोकरीचं किंवा धंद्याचं पत्र जोडा. देणगीचा पैसा तुमच्या खात्यात नसला की स्टेटमेंटही स्वच्छ दिसतं, हा आणखी एक फायदा. शेंगेन देशातली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांपैकी एखाद्यातली, रेस असेल तर सहा महिने आधी अर्ज चालतो आणि ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. इन्शुरन्समध्ये रेस पळणं धरलंय का ते वाचा. न्यूकॅसलमधली हॉटेलं त्या आठवड्याला भरतात, एन्ट्री लागली की त्याच दिवशी रद्द करता येणारं बुकिंग करा. लंडनहून ट्रेननं तीन तास लागतात. पळायचे बूट नि कपडे हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकू नका. तीन-चार दिवस आधी पोचा, घड्याळ साडेचार तास मागं जातं, पहाटे तीनला जाग येईल, येऊ दे, तिसऱ्या दिवसापर्यंत जुळतं. शेवटचे दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणायचं, आता ह्यात काही वाढत नाही, फक्त थकवा जातो.

रेसच्या दिवशी सुरुवातीला तासभर थंडीत उभं राहावं लागतं, जुना स्वेटर घालून जा आणि सुटताना काढून टाका, बऱ्याच ठिकाणी ते कपडे गोळा करून दान करतात. रेस सुटते एका गावात आणि संपते दुसऱ्या, त्यामुळं सामान त्यांच्या बसमध्ये द्यायचं, परत यायला मेट्रोला लांबलचक रांग असते, कोरडे कपडे आणि खायला काहीतरी त्या बॅगेत हवंच. पहिला मैल गर्दी आणि उत्साहात फार जोरात जातो, पुलावर बँडचा आवाज, विमानांचे गोते, अंगावर काटा येतो, तिथं घड्याळाकडं बघा आणि मुद्दाम हळू व्हा. दहा मैलांपर्यंत राखून ठेवा. कडेला उभी माणसं बिबवरचं, म्हणजे छातीवर लावलेल्या नंबरच्या कागदावरचं, नाव वाचून हाका मारतात, अनोळखी पोरं जेलीच्या गोळ्या पुढं करतात, संस्थेचं नाव टी-शर्टवर मराठीत आणि इंग्रजीत छापून घेतलंत तर लोक थांबवून विचारतात सुद्धा.

संपल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्या देणगीदारांना एकेक मेसेज पाठवा, वेळ, फोटो आणि आतापर्यंत जमलेली रक्कम. आठवडाभरात संस्थेकडनं एकूण आकड्याचं पत्र घ्या आणि तेही पाठवा, ज्यांना नाव जाहीर नको त्यांचं कुठं टाकू नका. आयकराचं सर्टिफिकेट आर्थिक वर्ष संपल्यावर संस्था देते, त्यासाठी प्रत्येकाचा पॅन नंबर आत्ताच संस्थेकडं गेलाय का बघून घ्या. आणि देणगीची लिंक लगेच बंद करू नका, महिनाभर राहू द्या, मेडलचा फोटो बघून पैसे देणारे बरेच असतात.